हँडलचा पोकळ फेरा

६ जानेवारी

तू जिन्याच्या वळणावर थांबून, मागे न बघता, "पुरे" म्हणालीस, त्या क्षणी माझं सगळं बदललं. लोक सांगतात ते खोटं आहे. परीक्षेच्या हॉलमधून उठलो तेव्हा नाही, हॉलचं दार आपटलं तेव्हा नाही, घरी वडलांनी अबोला धरला तेव्हाही नाही. ते सगळं मागाहून झालं. तो एक शब्द आधीचा.

वर "प्रिय" लिहिलेलं नाही, याची नोंद घ्यावी. तूच बजावलं होतंस. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद.

तुझा निरोप पोचला. काकूंनी तो हुबेहूब तुझ्या आवाजात म्हणून दाखवला : "त्याला म्हणावं, तिथून निघ. बाबांचं वर्कशॉप म्हणजे धर्मशाळा नाही." आणि वर स्वतःचं शेपूट जोडलं, "जाताना दार आपटू नकोस हो, बिजागरी नवी घातलीय." तुमच्या घरात माझी कीर्ती माझ्याआधी पोचलेली दिसते.

मी निघणार आहे. शब्द देतो. पण आधी हे ऐक.

मी तुझा पत्ता मागायला आलो होतो, एवढंच. पत्ता घेऊन सरळ तुझ्या दारात उभा राहणार होतो. आत गेलो तर तुझे बाबा लेथपाशी उभे होते आणि डाव्या हाताने उजवा खांदा धरून मशिनकडे बघत होते, जसं रुसलेल्या माणसाकडे बघावं तसं. मी कोण, कशाला आलो, काही विचारलं नाही. म्हणाले, "आलाच आहेस तर हे हँडल फिरव."

फिरवलं. कापणारं टूल पुढे गेलं.

"आता उलटं."

उलटं फिरवलं. हँडल माझ्या हातात गोल गोल आलं, जवळजवळ अर्धा फेरा, आणि टूल जागच्या जागी! मग कुठे ते हललं.

"हे असं," काका म्हणाले. "पोकळ फिरतं. पूर्वी माझा हात ते ओळखायचा. पडल्यापासून हातालाच काही कळत नाही."

तुला काय सांगायचं, तू या मशिनच्या आवाजात वाढलीस. पण मला लिहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून लिहितो. आडवी स्लाइड स्क्रूवर चालते, स्क्रू ब्राँझच्या नटात फिरतो, आणि नट आतून झिजला की दिशा बदलताना आधी ती झीज भरून निघावी लागते. तोवर हँडल नुसतं हवेत. आपल्याला पुस्तकात याला बॅकलॅश म्हणायचे आणि दोन मार्कांना विचारायचे. इथे त्यापायी पंपवाल्यांना करून दिलेले बुश, त्या छोट्या नळ्या, माप चुकून परत येतात. परवा ते पिशवीच आणून टेबलावर ठेवून गेले. काका त्या पिशवीकडे बघायला लागले आणि मला तुझा पत्ता विचारायचं सुचलंच नाही. (पत्ता नंतर काकूंनी दिला. फोडू नकोस.)

तेव्हा सौदा असा. मी हा बॅकलॅश काढतो, मग जातो. तोवर मला हाकलू नकोस.


१७ जानेवारी

उत्तर नाही. हरकत नाही. मशिनही आधी अर्धा फेरा गप्पच असतं.

काकांनी माझं नाव काडेपेटी ठेवलंय. "काडेपेटी, ऑइलकॅन दे." "काडेपेटी, चक पुसून घे." मी पहिल्या दिवशी पाना फेकला होता, त्याचं हे बक्षीस. पाना कोणाला लागला नाही, पण काकूंची कुंडीतली कोथिंबीर गेली. त्या म्हणाल्या, "आता भाजीवर पाना चिरून घालते."

काम पुढे सरकलंय. आधी वाटलं सगळा दोष नटाचा. काकांनी हँडलच्या मागचा कॉलर, म्हणजे स्क्रू धरून ठेवणारं कडं, उघडायला लावला. तिथेच बरीच ढिलाई होती. स्क्रू मुळातच आत-बाहेर होत होता. पातळ वॉशर घासून घासून बसवला. काका खुर्चीवर बसून "अजून, अजून, बास, जास्त झालं, दुसरा घे" असं म्हणत होते. तिसरा वॉशर बसला. पोकळ फेरा निम्म्यावर आला. मी इतका ओरडलो की काकू बाहेर आल्या. त्यांना वाटलं बोट गेलं.

उरलेला नटाचा.

दरम्यान पंपवाल्यांचे बुश तसेच करायचे आहेत, या ढिल्या मशिनवरच. त्यासाठी काकांनी मला एक सवय लावायला घेतलीय, आणि ती मला लागत नाहीये. तुला लहानपणीच लावली असणार. टूल जरा पुढे गेलं, तर मी हँडल तेवढंच मागे घेतो आणि कट मारतो. आणि बुश बिघडतो.

"तेवढंच मागे येऊन काय उपयोग?" काका म्हणतात. "तू मागे आलास, टूल कुठे आलं? पोकळ संपेपर्यंत मागे जा. चांगलं मागे जा. मग सावकाश पुढे ये आणि डायलच्या हव्या त्या रेघेवर थांब."

"पण त्यात वेळ जातो."

"हो. बुश राहतो."

मी काल दिवसभर तेच केलं. मागे, चांगलं मागे, मग सावकाश पुढे. संध्याकाळी पंपवाले एक बुश बोटावर फिरवून म्हणाले, "हा कोणी केला?" काका म्हणाले, "काडेपेटीने." ते म्हणाले, "जाळला तर नाही ना?" पण पिशवी घेऊन गेले, ती परत आली नाही.

तू ट्रेनिंगला तिथे काय खातेस? काकू विचारतायत. मी विचारत नाहीये.


२९ जानेवारी

इकडे सर्व ठीक. काकांचा खांदा बरा आहे, व्यायामाला जातात. हात आता कानापर्यंत जातो. काकूंनी कोथिंबीर पुन्हा लावली. मांजर व्यालं. हवा छान.

नट फुटला.

हे वाक्य लिहायला मी मांजर आणि हवा आणली, यावरून काय ते समज.

काका-काकू व्यायामाला गेले होते. मी एकटा. नट कसा आवळायचा ते आमचं ठरलं होतं : त्याला करवतीने एक चीर द्यायची आणि बारीक स्क्रू घालून चिरेच्या दोन्ही बाजू जरा फाकवायच्या, म्हणजे एक बाजू आट्यांच्या पुढच्या अंगाला टेकते, दुसरी मागच्या. झीज भरून निघते. चीर काकांसमोरच दिली होती. आवळणं तेवढं बाकी होतं, आणि काका म्हणाले होते, "मी आल्यावर."

मला तू आठवलीस, आणि मला थांबवेना. वाटलं, ते येतील तेव्हा हँडल असं फिरेल की ते फोन करून तुला सांगतील. स्लाइड मध्यावर होती. तिथेच आवळत गेलो. पोकळ पाव फेऱ्याचं बोटभर झालं, बोटभराचं रेघभर झालं, आणि शेवटी काहीच उरलं नाही. हँडल हलवलं की टूल हलतं, दोन्ही बाजूंना, त्याच क्षणी! मी एकटाच नाचलो.

मग स्लाइड टोकाला नेली. मध्येच जड झाली. आणखी थोडी नेली. अडली. शहाण्या माणसाने तिथे थांबायचं असतं. मी दोन्ही हातांनी हँडल धरलं.

आवाज फार मोठा नव्हता. बिस्किट मोडल्यासारखा.

काका आले, बाकावरचे दोन तुकडे पाहिले, खुर्ची ओढून बसले. मी म्हटलं, "मला बोला." त्यांनी स्क्रू हातात घेतला आणि माझं बोट धरून त्यावर फिरवलं. मधे आटे बारीक झालेत, धारदार. टोकाला अजून कोरेकरकरीत, जाड.

"जिथे रोज काम केलं तिथे झिजला," ते म्हणाले. "मधल्या झिजेला बसेल असा आवळलास, तर जिथे झिजला नाही तिथे मावेल कसा?"

"मग टोकाला आवळायचा?"

"टोकाला बसेल एवढाच. मधे थोडी पोकळ राहते. राहू द्यायची."

"ठीक आहे. नवा नट करू."

"करू. कशावर?"

"लेथवर."

"कुठल्या लेथवर?"

लेथचा नट करायला लेथ लागतो, आणि आपल्या लेथला नट नाही. काका इतके हसले की खांदा धरावा लागला. काकूंना हाक मारून सांगितलं, "अगं, इकडे ये, याने विहिरीत उतरून शिडी मोडली!"

गल्लीच्या टोकाच्या वर्कशॉपमधून करून आणतो म्हटलं, तर हसणं थांबलं. "आपल्या मशिनचा नट दुसऱ्याच्या मशिनवर? म्हणजे आपल्याच घरात पाहुणा म्हणून जेवायला बसायचं." पंपवाल्यांना त्यांनी कळवलंय की मशिन बंद आहे. का, ते सांगितलं नाही. मला ते फार लागलं.

रात्रीपर्यंत मी निघून जाणार होतो. पिशवी भरली होती. काकू दारात उभ्या राहिल्या. "मोडून ठेवून जातात ती माणसं आमच्याकडे आधी पुष्कळ येऊन गेलीत," म्हणाल्या. "त्यांना आम्ही भाचे म्हणतो. तू भाचा आहेस का?" मी नाही म्हटलं. "मग हात धू. पान वाढलंय."

तू निघ म्हणाली होतीस. मी निघालो नाही. कारण आता निघालो तर ते निघणं होणार नाही, पळणं होईल. आणि ते मी एकदा करून पाहिलंय.


१० फेब्रुवारी

तुझं पत्र आलं.

मी ते तेलाच्या हातांनी उघडलं, म्हणून त्याच्या कोपऱ्यावर माझा अंगठा उमटला आहे. आता ते कुठे दाखवताही येणार नाही. त्यात काय लिहिलंयस ते तुला माहीत आहे, तरी मी इथे उतरवतो, कारण मला हात चालवायला आवडतंय :

"वरची छोटी स्लाइड आडवी फिरव. मोठी जागेवर कसून टाक. छोटीला स्वतःचा स्क्रू आहे, तिनेच कट दे. ब्राँझ कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या पट्ट्यांच्या मागे. बाबांना उभं राहू देऊ नकोस."

बस. ना "कसा आहेस", ना "निघ". मी पत्र उलटं करून पाहिलं, पाकिटात बोट घालून पाहिलं. "निघ" कुठेही नाही. विसरलीस की वगळलंस?

काकांना वाचून दाखवलं. त्यांनी छोट्या स्लाइडचं हँडल फिरवून पाहिलं. "हे मला सुचायला हवं होतं," म्हणाले. मग म्हणाले, "नाही, तिला सुचलं तेच बरं झालं." आणि उठून दोनदा शेजारी सांगून आले. पंपवाल्यांनाही फोन लावला : आठवडाभरात मशिन चालू, मुलीने तोड काढली. कॉलेजात तू तुझं प्रोजेक्ट दाखवत होतीस, त्या दिवशी स्टेजवर वर्गातला तो पोरगा तुला म्हणाला होता ना, हे सगळं तुझ्या बाबांनी करून दिलंय म्हणून? तुझ्याकडे उत्तर होतं. तू माइकजवळ गेली होतीस. मी आधी पोचलो, माझा हात त्याच्या कानाखाली आधी पोचला, आणि तुझं उत्तर कोणी ऐकलंच नाही. आज काकांना तुझ्याबद्दल बोलताना ऐकलं आणि वाटलं, त्या दिवशी मी नुसता खुर्चीवर बसून राहिलो असतो तर सगळ्या हॉलला हे ऐकायला मिळालं असतं.

ब्राँझचा गोळा सापडला. हातात मावतो, जड. वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता. काकू म्हणाल्या, तू शाळेत असताना तो वह्यांवर ठेवायचीस, पंख्याने पानं उडू नयेत म्हणून. एका सपाट बाजूवर सुईने कोरलेलं काहीतरी आहे. काका म्हणतात घोडा. काकू म्हणतात मांजर. मिशा आहेत, म्हणून मी मांजराच्या बाजूने.

"तिला विचार, कापू का," काकू म्हणाल्या.

तिनेच सांगितलंय, मी म्हटलं. पण विचारतो : कापू का?


१९ फेब्रुवारी

"काप. मांजर आहे." ठीक.

कापायला घेतला. मोठी स्लाइड इतकी कसली आहे की लाथ मारली तरी हलणार नाही (मारून पाहिली नाही, खरंच). छोटीने कट. आटे उलटे आहेत, म्हणून टूल आतून बाहेर येताना कापतं. एक फेरी, टूल मागे, पुन्हा आत, केसभर वाढव, पुन्हा. मधून मधून जुना स्क्रू घालून बघायचा, जातो का. जात नाही. पुन्हा.

दुपारी माझा तोल सुटायला लागला. केसभराच्या जागी दोन केस घेतले, टूल किंचाळलं.

"हळू," काका खुर्चीवरून म्हणाले. "कोण मागे लागलंय तुझ्या?"

"तुमची मुलगी," माझ्या तोंडून निघून गेलं.

मशिन फिरत राहिलं. मी मागे वळून बघायचं धाडस केलं नाही. काकांनी चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला.

"माझ्याही मागे लागलेली असते," ते म्हणाले. "तरी मी हळूच करतो."

थोड्या वेळाने, "तिला लिहितोस ना रोज?"

"रोज नाही."

"मग पोस्टमन उगाच माझ्याकडे बघून हसतो."

एवढंच. मग म्हणाले, मशिनकडे लक्ष दे.

संध्याकाळी स्क्रू नटात शिरला. एक आटा, दोन, मग आपला आपण, लोण्यात बोट जावं तसा. काकांनी खुर्ची सोडली. तू उभं राहू देऊ नकोस म्हणाली होतीस, पण मी अडवलं नाही. रागाव. उजव्या हाताने फिरवला त्यांनी, उजव्या!

एक गोष्ट काकांनाही सांगितलेली नाही. नटाचा पुढचा चेहरा मशिनवर साफ करायचा असतो. मी तो केला नाही. तशीही ती बाजू कशालाच टेकत नाही. मांजर आहे तसं ठेवलंय. स्लाइड बसवली की ते आत, तेलात, अंधारात. कोणाला दिसणार नाही. ज्याने सगळं उघडायचं ठरवलं त्यालाच दिसेल.


२७ फेब्रुवारी

तुझं कार्ड आलं. "शनिवारी येते. नट बसला का?" आजही "निघ" नाही, आणि "थांब"ही नाही. तू शब्द वापरतेस ते मी टूलने ब्राँझ काढतो तसे, केसभर.

बसला. टोकाला बसेल एवढाच आवळलाय. मधे हँडल उलटं फिरवलंस तर डायलच्या दोन-तीन रेघा पोकळ जातील. मला ती सलत होती. काल पुन्हा किल्ली घेऊन गेलो होतो, अगदी जराशीच, कोणाला कळणार नाही इतकी. हात नटापर्यंत गेला आणि परत आणला. निदान ही मी मोडलेली गोष्ट नाही, म्हणून तुला सांगतो.

पंपवाल्यांचे नवे बुश काकांनी केले. स्वतः, उभं राहून, मधून मधून बसून. मी फक्त तुकडा चकमध्ये आवळून दिला. पंपवाले म्हणाले, "हे काडेपेटीचे नाहीत." काका म्हणाले, "कसं ओळखलं?" ते म्हणाले, "वास नाही येत जळल्याचा." काकूंनी हसता हसता तोंडाला पदर लावला.

म्हणजे झालं. आणि मी शब्द दिला होता.

काका म्हणाले, "शनिवारपर्यंत तरी राहा." काकूंनी माझा शर्ट इस्त्री करून पिशवीवर ठेवला. त्यांना कळलं होतं. मला खूप राहायचं आहे. मला दारात उभं राहून तुला पहिल्यांदा हँडल फिरवताना बघायचं आहे, तुझ्या भुवया जुळतात का ते बघायचं आहे. पण मी इथे असलो तर तू मशिनकडे बघण्याआधी माझ्याकडे बघशील, आणि पुन्हा तुझ्याआधी मी पोचलेला असेन.

कॉलेजला लिहिलंय. वर्ष पुन्हा करावं लागेल, पहिल्यापासून. माझ्यापेक्षा लहान पोरांबरोबर बसायचं. ज्याच्या कानाखाली वाजवली होती त्यालाही फोन केला. तो म्हणाला, "कोण?" मी नाव सांगितलं. तो म्हणाला, "जरा मोठ्याने बोल, या कानाने अजून कमी ऐकू येतं." मग दोघंही हसलो. आज वडलांकडे जायचंय आधी. तो अबोला मीच मोडायचा आहे. मला वाटायचं, दोन पावलं मागे गेलो की पुरे. तेवढ्याने टूल हलत नाही. चांगलं मागे जातोय.

पुढे कधी यायचं ते तू सांग. नाही सांगितलंस तर तेही उत्तर आहे. मी ते दार आपटून ऐकणार नाही, बसून ऐकेन.

वर्कशॉप झाडून घेतलंय. काका झोपलेत, काकू गच्चीवर वाळलेले कपडे काढतायत. ऊन लेथवर आलंय, हँडल चमकतंय. ऑइलकॅन डाव्या बाजूला ठेवलाय, तुला तसा लागतो असं काका म्हणाले. हे पत्र पोस्टात टाकत नाही, हँडलखाली ठेवतो. आधी हँडल फिरव, मग वाच. उलटं वाचत असशील तर तुझीही सवय जुनीच आहे.

पिशवी खांद्यावर घेतली. दिवा घालवला. कोथिंबिरीची कुंडी आत आणून ठेवली, उंबऱ्याबाहेर आलो की झालं. बिजागरी नवी आहे, आवाज करत नाही. कुलूप लावत नाही, तू येणार आहेस. दार नुसतं ओढून घेतो.